करवतीची मोटार घूं घूं करते?

सुतारमंडळींनो, जुन्या करवतीची मोटार बटण दाबताच नुसती घूं घूं करते, फिरत नाही? आधी बटण बंद करा. तशीच चालू ठेवली तर खरोखरच जळेल. पण भंगारात घालू नका! सिंगल फेज असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. वायरमनकडून तितक्याच मायक्रोफॅरडचा बसवून घ्या, व्होल्ट मात्र कमी नकोत. बटण बंद असले तरी कंडेन्सरात वीज साठलेली असू शकते, हात लावू नका. थ्री फेजला प्रथम फ्यूज पाहा. जळका वास आला तर रिवाइंडिंगच. नवी घेताना अश्वशक्तीइतकेच पाटीवरचे फेरे बघा. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या जागी २८८० ची बसवली, तर त्याच पुलीवर पाते दुप्पट वेगाने फिरेल. फुटले तर समोर तुम्हीच उभे असाल.