मनगटावरची गारगोटी

"किती वाजले?" असं कुणी विचारलं की आज आपला हात कुठे जातो? खिशाकडे. फोन बाहेर येतो, पडदा उजळतो, वेळ दिसते, फोन परत खिशात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कोट घातलेला गृहस्थ नेमकं हेच करत होता! खिशात साखळीला अडकवलेलं घड्याळ. ते काढायचं, झाकण उघडायचं, पाहायचं, मिटून परत ठेवायचं. वेळ पाहण्यापुरतं बोलायचं तर मोबाइलने आपल्याला पुन्हा खिशातल्या घड्याळापाशी आणून सोडलं आहे. मग माणसाने घड्याळ एकदा खिशातून काढून मनगटावर बांधलं होतं, ते कशासाठी? आणि ते कारण आता उरलं नाही का?

कारण साधं होतं. हात मोकळे नव्हते. आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हा ब्राझीलचा अवलिया पॅरिसच्या आकाशात स्वतः बनवलेली हवाई जहाजं उडवायचा. दोन्ही हात यंत्रावर असताना खिशातलं घड्याळ काढायचं कसं? त्याने ही अडचण आपल्या जवाहिऱ्या मित्राला, लुई कार्तिएला सांगितली आणि १९०४ मध्ये कार्तिएने त्याच्यासाठी मनगटावर बांधायचं घड्याळ घडवलं. मनगटी घड्याळं त्याआधीही होती, पण ती बायकांचा दागिना मानली जात. पुरुष ती घालायला लाजत. ही लाज पहिल्या महायुद्धाने घालवली. खंदकातल्या अधिकाऱ्याला तोफांचा मारा थांबण्याचा आणि आपली तुकडी पुढे सरकण्याचा क्षण जुळवावा लागे. एका हातात शस्त्र, दुसऱ्यात नकाशा, अंगभर चिखल. घड्याळ मनगटावर आलं आणि युद्ध संपल्यावरही तिथेच राहिलं.

आता या घड्याळाच्या आत डोकावू या. खरी जादू तिथे आहे.

आधी चावीचं घड्याळ. एचएमटी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. तिचं 'जनता' कुणाच्या घरात नव्हतं? ते कानाला लावा. टिकटिक सेकंदाला पाच वेळा होते. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. हे ठोके मोजतं एक चिमुकलं चाक. ते एका बाजूला वळतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला परत ओढते. ही स्प्रिंग जोडायची युक्ती डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये जगापुढे मांडली. असं घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढे गेलं तर आपण कुरकुर करतो. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात हो! बॅटरी नाही, वीज नाही, नुसत्या गुंडाळलेल्या पोलादी पट्टीच्या जोरावर चालणारं यंत्र हजारात पाव भागही चुकत नाही.

आणि तरीही माणसाचं समाधान झालं नाही.

लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून पाहिल्या आहेत? आतून फिकट उजेड चमकतो. ही गारगोटी म्हणजेच क्वार्ट्झ. फ्रान्समधल्या जाक आणि पिअर क्युरी या विशीतल्या दोघा भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं. स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. म्हणजे दगडाला वीज देऊन थरथरवता येतं! आणि ही थरथर इतकी एकसारखी असते की तिच्यावर वेळ मोजावी.

मोजलीही. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी क्वार्ट्झवर चालणारं पहिलं घड्याळ बनवलं. ते मनगटावर काय, टेबलावरही मावण्यासारखं नव्हतं. तिथून मनगटापर्यंत यायला बेचाळीस वर्षं लागली. २५ डिसेंबर १९६९ला टोकियोत सेको कंपनीचं 'अॅस्ट्रॉन' विक्रीला आलं. किंमत साडेचार लाख येन, तेव्हाच्या जपानमध्ये जवळपास एका छोट्या मोटारीएवढी. चूक मात्र महिन्याला फक्त पाच सेकंद!

आज तेच तंत्र काही शे रुपयांच्या घड्याळात बसतं. मागचं झाकण उघडलं की गोल सेलच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी धातूची नळी दिसते. त्या नळीत, हवा काढून घेतलेल्या पोकळीत, क्वार्ट्झचा एक नादकाटा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत रबराच्या ठोकळ्यावर आपटायचा तोच आकार, फक्त काही मिलिमीटर लांबीचा. बनवताना त्याच्या टोकांवर धातूचा मुलामा चढवतात आणि मग लेसरने तो कणाकणाने उडवत जातात, काटा नेमक्या सुरात लागेपर्यंत. तो सूर म्हणजे सेकंदाला ३२,७६८ कंपनं. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो. म्हणून तुमच्या मनगटावर दिवसरात्र चाललेलं हे गाणं तुम्हाला कधीच ऐकू येत नाही.

पण ३२,७६८ हाच विचित्र आकडा का? सरळ ३०,००० का नाही?

कबड्डीची एक अफाट स्पर्धा डोळ्यांपुढे आणा. ३२,७६८ संघ, प्रत्येक फेरीत निम्मे बाद. पहिल्या फेरीनंतर १६,३८४ उरले, मग ८,१९२, मग ४,०९६... करत करत पंधराव्या फेरीअखेर किती? बरोबर एक! ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. घड्याळातल्या चिपला फक्त निम्मं करता येतं, पण ते ती न चुकता करते. पंधरा पायऱ्या उतरून सेकंदाला एकच ठोका उरतो. तो एका इवल्या विद्युतमोटरला मिळतो, तिच्यातलं कणाएवढं चुंबक अर्धं वळण घेतं आणि दातेरी चाकांमधून सेकंदकाटा सहा अंश पुढे सरकतो. टक्! पुढच्या सेकंदाला पुन्हा सगळी स्पर्धा, पुन्हा पंधरा फेऱ्या.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हा नादकाटा साधारण २५ अंश तापमानाला सर्वांत चोख चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो, गार झाला तरी मंदावतो. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांना तो टेबलावर पडून राहिला तर दिवसाला सुमारे एक सेकंद मागे पडेल. मनगटावर मात्र आपलं शरीर त्याला सांभाळून घेतं. बाहेर रखरखीत ऊन असो की हुडहुडी भरवणारी थंडी, कातडीची ऊब फार वरखाली होत नाही. घड्याळ आपल्याला वेळ दाखवतं आणि आपण त्याची वेळ नीट राखतो!

आता फोनकडे वळू. फोनमध्ये इतकी अचूक वेळ येते कुठून? मोबाइलच्या टॉवरवरून आणि इंटरनेटवरून, आणि त्यांची वेळ जोडलेली असते अणुघड्याळांशी. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवरून केली जाते. ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद. भारताची प्रमाणवेळ राखणारी अणुघड्याळं दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहेत. २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या प्रत्येक जीपीएस उपग्रहातही अणुघड्याळं आहेत. ती घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, पण तिथे पृथ्वीचं गुरुत्व क्षीण असल्यामुळे ४५ पुढे जातात. हे आइन्स्टाइनचं सापेक्षतेचं गणित. ते धरून दुरुस्ती केली नाही तर नकाशावरचा तुमचा निळा ठिपका एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त भरकटेल. रिक्षा शोधताना आपण आइन्स्टाइनच्या भरवशावर असतो!

तेव्हा अचूकतेचा निकाल स्पष्ट आहे. फोन जिंकला. मनगटी घड्याळ त्याच्या जवळपासही पोचत नाही.

पण फोन बंद केला, दोन दिवसांनी दूर डोंगरात चालू केला, रेंजचा पत्ता नाही, तरी तो वेळ बरोबर दाखवतो. दोन दिवस आत कोण मोजत बसलं होतं? तोच तो ३२,७६८ कंपनांचा नादकाटा! बहुतेक फोनच्या पोटात क्वार्ट्झचा तसाच छोटा तुकडा आहे आणि फोन झोपला तरी तो जागा असतो. ज्या यंत्राने मनगटी घड्याळाला रिटायर केलं असं आपण म्हणतो, त्याच्या आत ते घड्याळ अजून नोकरीवर आहे.

मग वेगळं मनगटावर बांधायचं कशाला? आधी खर्च पाहा. घड्याळातला शर्टाच्या बटणाएवढा सेल दोन वर्षं सहज चालतो. फोनची बॅटरी रोज भरावी लागते. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यावर साधं क्वार्ट्झ घड्याळ आठशे वर्षांहून जास्त चालेल. मी हा हिशोब पुन्हा करून पाहिला. आठशेच. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याला अजून साडेसातशे वर्षंही झालेली नाहीत! शिवाय सेल संपत आला की काही घड्याळांचा सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. वेळ बरोबरच असते, पण मालकाला आधीच कळतं.

आणि हात मोकळे नसलेली माणसं संपलेली नाहीत. वॉर्डातली सिस्टर रुग्णाचं मनगट धरून नाडी मोजते, तेव्हा तिची नजर सेकंदकाट्यावर असते. इंग्लंडमधल्या सर जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी मिनिटभर चालणारं खास घड्याळ करवून घेतलं आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तीनशे वर्षांनंतरही रीत तीच आहे. फोनच्या लॉक पडद्यावर मात्र एरवी सेकंद दिसतच नाहीत.

रेल्वेचं पाहा. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत एक नियम फक्त घड्याळ लावण्याचा आहे. गाडी सुरुवातीच्या स्थानकातून निघण्याआधी गार्डने, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरने, आपलं घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवायचं, मग ती वेळ लोको पायलटला सांगायची आणि त्याने आपलं घड्याळ त्याप्रमाणे लावायचं. एवढी लांबलचक गाडी, दोन टोकांना दोन माणसं आणि त्यांच्यात एकच वेळ!

यूपीएससीच्या परीक्षा खोलीत मोबाइल चालत नाही, स्मार्टवॉच चालत नाही, साधं मनगटी घड्याळ चालतं. दृष्टिहीन माणसं ब्रेल घड्याळाची काच उघडून उठावाच्या ठिपक्यांवर आणि काट्यांवर बोट फिरवतात आणि भर सभेत, कुणाला कळूही न देता वेळ वाचतात. एचएमटीनेही अशी घड्याळं बनवली होती. बोलणारा फोन हे करू शकेल?

अंतराळातही मनगटी घड्याळच कामाला आलं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला. वीज वाचवण्यासाठी बहुतेक उपकरणं बंद करावी लागली. परतीचा मार्ग सुधारायला इंजिन बरोबर १४ सेकंद पेटवायचं होतं. ते १४ सेकंद यानातल्या तीन अंतराळवीरांपैकी जॅक स्वायगर्टने मोजले ते मनगटावरच्या, चावीच्या ओमेगा घड्याळावर. तिघेही जिवंत परतले.

अजून एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. फोन सांगतो १०:४८. अकराच्या बसला किती वेळ उरला, हे कळायला वजाबाकी करावी लागते. काट्यांच्या तबकडीवर ती बारा मिनिटं दिसतात. मिनिटकाटा आणि बारा यांच्यामधला एक कोपरा, डोळ्याला एका झटक्यात मोजता येणारा. काळाला असं जागेत रूपांतरित करून दाखवणं ही सूर्यघटिकेपासून चालत आलेली करामत आहे.

म्हणून माझं उत्तर असं. नेमके किती वाजले एवढंच हवं असेल तर फोन पुरे, वेगळं घड्याळ घ्यायची कुणालाच सक्ती नाही. पण ज्याचे हात कामात गुंतलेले असतात, ज्याला सेकंद मोजायचे असतात, ज्याला वेळ पाहताना त्याच पडद्यावरचे चार निरोप पाहायचे नसतात, त्याला मनगटी घड्याळाची गरज १९०४ इतकीच आजही आहे.

तुमच्या कपाटात एखादं बंद क्वार्ट्झ घड्याळ पडून असेल तर घड्याळवाल्याकडे नेऊन सेल बदलून घ्या. आणि ते वापरायचं नसेल, तरी निदान जुना सेल काढून ठेवा. संपलेला सेल आतच राहिला तर गळतो आणि आतलं यंत्र गंजवून टाकतो.