चर कुठं काढलाय?

वेल्समध्ये शिरलं की डांबरी रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक शब्द पुन्हापुन्हा दिसतो: ARAF. जोडीला इंग्रजीत ‘स्लो’ लिहिलेलं असतं, त्यामुळे अर्थ कळतो. वेल्श भाषेत एकट्या ‘एफ’चा उच्चार ‘व’ होतो, म्हणून हा शब्द वाचायचा ‘आरव’. आपल्याकडे बालवाडीच्या प्रत्येक वर्गात एक तरी आरव असतो आणि त्यातला एकही हळू जात नाही, असं डोंबिवलीकर म्हणाली आणि गाडीत हशा पिकला. मी मात्र तो शब्द मनाशी घोकत बसले होते.

आम्ही चौघं. इंग्लंडमधल्या एका गणपतीत ओळख झालेले, म्हणून एकमेकांना अजूनही गावांवरूनच हाक मारतो. डोंबिवलीकर, तिचा नवरा नगरकर, कोल्हापूरकर आणि मी, वाईची. ते तिघं दर दोन-तीन महिन्यांनी सायकली घेऊन वेल्सला जातात आणि सोमवारी लंगडत ऑफिसला येतात. यंदा सप्टेंबरात मला बरोबर न्यायचंच असं त्यांनी ठरवलं. मी बेचाळीस वर्षांची. सायकल मला येते, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. अण्णांच्या बावीस इंची सायकलवर आधी हाफ पायडल, मग दांडीवरून, मग सीटवर, अशी रीतसर तीन इयत्ता पास झालेली मुलगी मी.

शनिवारी सकाळी आवन खोऱ्यात पोचलो. पोर्ट टॅलबटच्या मागे डोंगरांत घुसलेलं हे अरुंद खोरं एके काळी कोळशाचं होतं. खाणी बंद पडल्या, आगगाड्या गेल्या, डोंगरांवर सरकारनं सूचिपर्णी झाडं लावली. आता त्या झाडांमधून सायकलच्या वाटा आहेत. पुढे लार्चच्या झाडांना रोग लागला आणि त्यांची मोठी तोड झाली, म्हणून मधूनच एखादा उतार हजामत केल्यासारखा बोडका दिसतो. इथल्या एका अवघड वाटेचं नाव ‘व्हाइट्स लेव्हल’. लेव्हल म्हणजे डोंगरात आडवी खणत नेलेली खाण.

भाड्यानं सायकल देणाऱ्या मुलानं पहिल्यांदा माझं वजन विचारलं. मी दचकले. पुढच्या शॉकअपमधली हवा वजनावर ठरते, म्हणाला. मी नुसती बसले की तो साधारण पाव भाग दबला पाहिजे, तरच खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरते. मग टायर. जवळजवळ अडीच इंच रुंद, आणि अंगठ्यानं दाबलं तर दबणारा. अण्णा हवा भरायचे तेव्हा टायर दगडासारखा लागेपर्यंत पंप सोडायचे नाहीत. इथे उलटा हिशेब: मऊ टायर दगडाभोवती बसतो, म्हणून घसरत नाही. हँडलला एक बटण होतं. ते दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते, वजन काढून दाबलं की वर येते. पायडलवर बूट घट्ट राहावा म्हणून लहान लहान लोखंडी खिळे. त्यांची ओळख माझ्या नडगीला तासाभरात होणार होती.

वाटांना रंग असतात. हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, मग लाल, शेवटी काळी. वाटेवर खांब असतात आणि त्यांवर त्या रंगाचे बाण. आम्ही निळी धरली. आधी जंगलातल्या रुंद कच्च्या रस्त्यानं चढ. मागचं सगळ्यात मोठं चक्र माझ्या ताटाएवढं होतं. त्यावर चेन टाकली की पाय भराभर फिरतात आणि सायकल मुंगीच्या पावलानं चढते. चढ मला जमला. पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला चढाचं काय!

उताराच्या तोंडाशी कोल्हापूरकरानं चार वाक्यांत शिकवणी घेतली. “बसायचं नाही, सीट खाली. दोन्ही पायडल एका पातळीत. ब्रेकवर एकच बोट. आणि नजर लांब, चाकाकडं बघायचं नाही.” पहिली तीन वाक्यं हातापायांनी ऐकली. चौथं डोळ्यांनी ऐकलं नाही.

वाट दीड हँडल रुंद असेल. करड्या खडीची, मधून मधून डोकं वर काढलेला दगड. तो दगड दिसला की मी त्याच्याकडे बघायची. बघितलं की सायकल त्याच्याकडेच जायची. गेली की मी दोन्ही ब्रेक आवळायची, आणि जिथे वेग हवा नेमक्या तिथे सायकल उभी राहायची. डावीकडच्या एका वळणावर बाहेरच्या बाजूला मातीची भिंत उचललेली होती. तिला हे लोक ‘बर्म’ म्हणतात. कोल्हापूरकर त्या भिंतीवर चढून सुर्रकन निघून गेला. मी भिंतीला घाबरून आतल्या बाजूनं गेले, ऐन वळणात ब्रेक मारला, मागचं चाक सुटलं आणि मी आडवी. पायडल फिरून नडगीवर आलं. चार खिळे, चार ठिपके, मग चार ओघळ. नगरकरानं पाठीवरच्या पिशवीतून पट्टी काढली. त्याच्याकडे पट्ट्यांचा आख्खा डबा होता, यावरून मी काय समजायचं ते समजले.

दिवसभरात तीनदा पडले. दुखलं फारसं नाही, पण चीड आली. चुलीवरच्या दुधावर असावी तशी नजर पुढच्या चाकावरून हलेना.

संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे वाईत साडेनऊला, अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी घाटरस्त्यावर. मी त्यांना वाटेचा फोटो पाठवला होता. पट्टी बांधलेला पाय मुद्दाम कॅमेऱ्यापुढे धरला. त्यांनी पायाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

“पाऊस किती पडतो तिथं?”

“पुष्कळ, अण्णा. इथं पाऊसच पडतो.”

“मग चर कुठं काढलाय?”

मला सांगता येईना. फोटोत तर वाट सरळ डोंगराच्या पोटातून उतरताना दिसत होती. अण्णांना ते पटेना. “अगं, उताराची वाट म्हणजे पाण्याला आयतं आवतण. पाण्याला तुम्ही वाट काढून दिली नाही तर ते आपली आपण काढतं, आणि मग तुमची राहत नाही. एवढा पाऊस पडून तुझी वाट टिकलीय म्हणजे कुठंतरी चर असणार. बघ उद्या नीट. आणि वळणाला बाहेरची कड उचललीय का तेही बघ.”

माझ्या पडण्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

रात्री जेवताना कोल्हापूरकरानं या वाटांचा इतिहास सांगितला. इंग्लंड आणि वेल्समध्ये पायवाटेवर चालायचा हक्क आहे, सायकल चालवायचा नाही. 1968 च्या कायद्यानं सायकलला घोड्यांच्या वाटांवर जायला मुभा मिळाली, तीही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ देण्याच्या अटीवर. पण त्या वाटा पावसात चिखल होतात. 1990 च्या दशकात उत्तर वेल्समधल्या कोइड-अ-ब्रेनिनच्या सरकारी जंगलात दाविध डेव्हिस नावाच्या वनरक्षकानं फक्त सायकलसाठी वाटा बांधायला घेतल्या. दगड बसवून, बारमाही टिकतील अशा. ब्रिटनमधलं पहिलं ट्रेल सेंटर ते. तिथून ही कल्पना वेल्सभर आणि स्कॉटलंडपर्यंत गेली. “उतारावर दगड उभे, एकमेकांना चिकटून बसवतात,” कोल्हापूरकर म्हणाला. “त्याला ते पिचिंग म्हणतात.”

पिचिंग! धोम धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवून अण्णा हाच शब्द वापरायचे.

रविवारी मर्थर टिडविलला गेलो. एके काळी हे लोखंडाचं गाव होतं. रिचर्ड ट्रेविथिकचं वाफेचं इंजिन 1804 मध्ये इथल्याच पेनिडॅरन कारखान्यातून रुळांवर धावलं. गावाबाहेरच्या गेथिन डोंगरावर 2013 पासून बाइक पार्क वेल्स आहे. इथे चढायचे कष्ट नाहीत. सायकली ट्रेलरवर लावायच्या, आपण व्हॅनमध्ये बसायचं, माथ्यावर उतरायचं. व्हॅनमध्ये ओल्या बुटांचा, चिखलाचा आणि केळ्यांचा वास. बाहेर पाऊस सुरू झाला होता.

माथ्यावरून ‘कर्मिट’ नावाची हिरवी वाट धरली. मी सगळ्यात मागे. आज मला दगडांशी देणंघेणं नव्हतं. मी चर शोधत होते.

पहिले शंभर मीटर काही दिसलं नाही. मग लक्षात आलं की वाट सरळ उतरतच नाही. थोडी उतरते, किंचित वर उचलते, पुन्हा उतरते. काल आवनमध्येही पोटात गोळा आणणाऱ्या अशाच लाटा होत्या. प्रत्येक लाटेच्या खोलगट भागात वाटेची दरीकडची कड हातभर कापलेली होती. पावसाचं पाणी वाटेवरून पंधरा-वीस पावलं धावत यायचं, खोलगटात थांबायचं आणि त्या कापातून मुकाट बाजूला, नेच्याच्या झुडपांत निघून जायचं. वर चढणारी लाट त्याला पुढे येऊ देत नव्हती. म्हणजे जी लाट सायकलवाल्यांना गंमत म्हणून दिलीय असं मला वाटत होतं, ती आधी पाण्यासाठी होती. वाट डोंगराच्या अंगाला बेतून कापलेली आणि दरीकडे किंचित कललेली होती. एके ठिकाणी डोंगरातून झरा येत होता, तिथे वाटेखालून प्लॅस्टिकचा नळ काढलेला. आपली मोरीच, फक्त वीतभर व्यासाची.

मी पुढचा काप कुठे आहे ते शोधत चालले होते. त्यानंतरचा, त्याच्याही पुढचा. तीन लाटा पार झाल्यावर कळलं की मी चाकाकडे बघितलेलंच नाही. मधले दगड चाकाखालून गेले, शॉकअपनं गिळले. जे वाक्य काल दिवसभर डोळ्यांत शिरलं नव्हतं, ते अण्णांच्या एका प्रश्नानं शिरलं. नजर लांब ठेव म्हणून राहत नाही. तिला लांब काहीतरी काम द्यावं लागतं.

मग वळण आलं. बाहेरची कड उचललेली. घाटात प्रत्येक वळणावर अण्णा ती दाखवायचे. इंजिनियर तिला ‘सुपर’ म्हणतात, म्हणजे सुपरएलिव्हेशन. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्ताच गाडीला आत ढकलतो. इतकी वर्षं एसटीत बसून ज्या कडेवर मी निर्धास्त होते, तिलाच काल घाबरून आत पळाले होते. या वेळी ब्रेक वळणाच्या आधीच मारला, मग सोडला, आणि सायकल भिंतीवर जाऊ दिली. टायरखाली माती दाबली गेल्याचा घट्ट, भरीव आवाज आला. भिंतीनं मला धरलं, फिरवलं आणि बाहेर सोडलं. मी ओरडले. मराठीतच ओरडले असणार, कारण पुढे उभी असलेली डोंबिवलीकर वळून हसली.

खाली एका वळणापाशी रेनकोट घातलेला एक माणूस फावड्यानं कापात साठलेला पाला उपसत होता. मी थांबून फोटो काढला. माणसाचा नव्हे, कापाचा. त्याला नवल वाटलं. इथे लोक उड्यांचे फोटो काढतात. माझे वडील रस्त्यावर हेच काम करायचे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मग त्यांना माहीत असेल, की पाऊस सुरू असतानाच यायला लागतं. कोरड्या दिवशी पाणी कुठे तुंबतं ते दिसत नाही.

दिवसात सहा फेऱ्या झाल्या. पाचवी निळ्या वाटेवरून. एकदा पडले, पण चिखलात, मऊ. नडगी वाचली.

परतीला टाफ नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला उतरणारा रस्ता धरला. उजवीकडे पलीकडच्या उतारावर दफनभूमीतल्या पांढऱ्या कमानी दिसल्या. नगरकरानं रेडिओ बंद केला. अबरवान. या गावाच्या वर खाणीतल्या कचऱ्याचे डोंगर रचले होते. त्यातला सातव्या क्रमांकाचा ढीग 1958 पासून झऱ्यांच्या जागेवर रचत गेले. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी, पावसानंतर, तो ढीग सुटला आणि शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं. मराठी माणसांनी भरलेल्या गाडीत याच्यापुढे कुणाला काही बोलावं लागत नाही. 30 जुलै 2014 आमच्या चौघांच्याही ध्यानात आहे. पावसात डोंगर खाली आला ते माळीण.

सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मग फोन वाजला. फोटो अण्णांना दुपारीच पाठवला होता. त्यांनी लिहिलं होतं: “चर बरा आहे. उतार बरोबर दिलाय. साफ करायला माणूस आहे का?”

“आहे,” मी लिहिलं. “आज पावसात भेटला.”