आधी सबब, मग गुन्हा

गुन्ह्यामागचं मन : लेखांक ७

गरिबी, बेकारी आणि संगत यांचा गुन्ह्याशी काय संबंध असतो ते गेल्या आठवड्यात पाहिलं. तरी एक प्रश्न उरतोच. एकाच वाड्यावर, एकाच परिस्थितीत वाढलेल्या दोन भावांपैकी एक वाकडी वाट धरतो आणि दुसरा धरत नाही, हे कसं? काही अभ्यासकांनी याचं उत्तर माणूस विचार कसा करतो, बरंवाईट कसं ठरवतो, यात शोधलं.

गोव्यात हा विषय निघाला की शिरोड्याच्या महानंद नाईकचं नाव हमखास येतं. २००९ मध्ये तो पकडला गेला, बायकांच्या खुनांचे आरोप एकामागून एक बाहेर आले, त्याला जन्मठेप झाली. पण असली माणसं विरळा. त्यांच्याकडे बघून आपली एक सोय मात्र होते: गुन्हेगार म्हणजे आपल्याहून कुणीतरी निराळा, असं म्हणून मोकळं होता येतं. म्हणून आज पेडणे आणि डिचोलीकडे वळू. इथे कायदा मोडणारा चवथीला आपल्याच घरी आरतीला येतो.

आधी थोडी तात्त्विक बैठक. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये शिकागोतल्या मुलांना एक पेच घातला. बायको मरणाच्या दारात आहे, औषधवाला अव्वाच्या सव्वा किंमत मागतो, तर नवऱ्याने औषध चोरावं का? मुलगा 'हो' म्हणतो की 'नाही', याला कोलबर्गच्या लेखी महत्त्व नव्हतं. तो कारण विचारायचा. 'पकडला तर तुरुंगात जाईल' हे कारण खालच्या पायरीवरचं. 'लोक काय म्हणतील', 'कायदा तो कायदा' ही मधली. कायद्यामागचा न्याय तपासणारं कारण सर्वांत वरचं. गुन्ह्यात सापडलेली मुलं त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा खालच्या पायरीवर रेंगाळतात, असं पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं.

पण पायऱ्यांनी सगळं उलगडत नाही. पेडण्यातल्या तेरेखोल नदीचंच बघा. उगवे, तोरसे, पोरस्कडे, न्हयबाग या पट्ट्यात बेकायदा रेती उपशाची तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. काळोखात होड्या लागतात, परप्रांतीय मजूर बुड्या मारून बादल्या भरतात, उजाडायच्या आत ट्रक निघून जातात. तळ खोल गेला की काठ खालून पोखरतो. आधी माडांची मुळं उघडी पडतात, मग एखाद्या पावसाळ्यात बागायतीचा तुकडा माडांसकट पाण्यात बसतो.

आता याचं समर्थन कसं होतं ते ऐका. परवाने सरकार देत नाही, मग आम्ही करायचं काय? नदी दर पावसाळ्यात नवी रेती आणून टाकते, त्यात कुणाचं काय गेलं? बाग गेली म्हणून जो ओरडतो, त्यानेही पूर्वी होडी लावलीच होती की. आणि वरचे सगळे खातात, ते आम्हाला शहाणपण शिकवणार? शेवटी हुकमाचं पान: घरात खाणारी तोंडं आहेत.

ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या वाह्यात पोरांबद्दल लिहिताना नेमके हेच पाच प्रकार मांडले होते. जबाबदारी झटकणं, नुकसान नाकारणं, ज्याचं नुकसान झालं त्यालाच दोषी धरणं, बोट दाखवणाऱ्यावर उलट बोट रोखणं आणि आपल्या माणसांवरच्या निष्ठेची ढाल पुढे करणं. त्यांचं खरं म्हणणं पुढे आहे. ही सबब गुन्हा झाल्यावर सुचत नाही, ती आधीच तयार असते. चोरी वाईट हे त्या पोराला ठाऊक असतं आणि पटतही असतं. सबबीमुळे तेवढ्यापुरतं ते पटणं बाजूला ठेवता येतं. नीतीची चाड अजिबात नसती तर सबब लागलीच नसती.

डिचोलीत गोष्ट उलटी आहे. तिथे रात्र नव्हती, होडी नव्हती. सगळं दिवसाढवळ्या आणि कागदोपत्री. पोर्तुगीज काळातले खाण परवाने १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे झाले आणि पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. पुढचे अर्ज सरकारदरबारी पडून राहिले आणि खाणी चालूच राहिल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने ती मुदत संपल्यानंतरचं सारं उत्खनन बेकायदा ठरवलं. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं डिचोलीच्या रस्त्यांवरून धूळ उडवत गेलेला माल!

त्यात राबलेल्या प्रत्येकाला गुन्हेगार म्हणणं अन्यायाचं होईल. ट्रकवाल्याला मुदतीची तारीख कुठून ठाऊक असणार? पण ज्यांना ठाऊक होती ते कोलबर्गच्या शिडीवर खाली नव्हते, चांगले मधल्या पायरीवर होते. रॉयल्टी भरली, शिक्का मिळाला, आणखी काय हवं? शिरगावच्या विहिरी आटल्या, शेतांत खाणीचा गाळ आला, ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. माझ्या मते पायरी चढल्याने माणूस गुन्ह्यापासून दूर जातोच असं नाही. कधी कधी त्याला फक्त अधिक सुबक सबब मिळते.

अमेरिकेत जॉन गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारगृहातल्या मुलांसाठी याच विचारावर एक उपाय बेतला. मुलांना गोल बसवायचं आणि एकाने सबब सांगितली की बाकीच्यांनी तिचं नाव घेऊन ती पकडायची. मास्तराच्या उपदेशाला जी पोरं दाद देत नाहीत, ती इथे निरुत्तर होतात, कारण समोरच्यानेही तीच सबब वापरलेली असते. कोलवाळच्या तुरुंगात असे गट चालवता येतील. गावात ते अवघड. तेरेखोलची रेती कुणाच्या घराच्या स्लॅबमध्ये गेली आहे, याची चौकशी करायला कोण धजेल?

पुढच्या लेखांकात पत्रादेवी ओलांडून इन्सुली नाक्याकडे जाणाऱ्या दारूकडे वळू. तिथे माल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि पकडला जातो तो तिसराच ड्रायव्हर. अशा साखळीत जबाबदारीची वाटणी कशी होते, ते पाहू.