विम्याचे वचन

बीड जिल्ह्यातील मुलांना ‘विमा’ हा शब्द नवा नाही. पावसाने ओढ दिली, किंवा ऐन काढणीत त्याने शेत बुडविले, की घरोघरी पीकविम्याची चर्चा सुरू होते. असाच विमा मोटारीचाही असतो. त्याचा व्यवहार कसा चालतो आणि त्यात ग्राहकाने कोणती दक्षता घ्यावी, हे आपण समजून घेऊ.

विम्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. पुष्कळ मोटारमालक दरवर्षी थोडी थोडी रक्कम एका ठिकाणी जमा करतात. तिला हप्ता म्हणतात. ज्या थोड्यांवर अपघाताचा प्रसंग ओढवतो, त्यांची हानी या सर्वांच्या पैशांतून भरून निघते. विमापत्र हे या व्यवहाराचे लेखी वचन होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा केला आहे. आपल्या मोटारीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल, तेवढेच तो भरून देतो. स्वतःच्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी स्वहानीचा विमाही घ्यावा लागतो.

समजा, मांजरसुंब्याच्या घाटात एका गृहस्थाची मोटार कठड्यावर आदळली. सुदैवाने कोणास दुखापत झाली नाही. पण समोरची काच फुटली व बंपर मोडला. अशा वेळी मोटारीची छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला तत्काळ कळवावे आणि दाव्याचा क्रमांक टिपून ठेवावा. कंपनीची पाहणी होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नये. नुकसान मोठे असेल, तर परवानाधारक सर्व्हेअर येऊन त्याची मोजदाद करतो. कोणता भाग अपघातात मोडला व कोणता आधीच झिजला होता, हे मोटार जशीच्या तशी असली, तरच त्याला नीट ठरविता येते.

यानंतर गॅरेजचे काम सुरू होते. कंपनीशी करार असलेल्या गॅरेजात कंपनी आपल्या वाट्याची रक्कम परस्पर भरते. अन्यत्र मालकाला आधी पैसे भरून मग पावत्या सादर कराव्या लागतात. कोठेही गेले, तरी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेले जुने भाग डोळ्यांनी पाहावेत.

संपूर्ण खर्च विम्यातून मिळतो, असा अनेकांचा समज असतो. तो पडताळून पाहू. बंपर ६,००० रुपये, काच ५,००० रुपये व मजुरी ४,००० रुपये, असे १५,००० रुपयांचे बिल झाले. साध्या विमापत्रात प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा धरतात, काचेवर धरीत नाहीत. म्हणून बंपरचे ३,००० रुपयेच हिशेबात येतात व बेरीज १२,००० रुपये होते. लहान मोटारीच्या मालकाने प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये स्वतः सोसावयाचे असतात. कंपनी ११,००० रुपये देते; उरलेले ४,००० रुपये मालकाचे. हा हिशेब आधीच ठाऊक असला, म्हणजे बिल हाती आल्यावर वाद होत नाही.

कधी एखादा कारागीर हळूच सुचवितो, “पैसे विम्याचेच आहेत, जुने दिवेही बदलून टाकू.” हा मोह टाळावा. ते पैसे त्या समाईक ठेव्यातील, म्हणजे आपल्यासारख्याच हप्ता भरणाऱ्यांचे असतात.

ग्राहकाने सचोटी पाळली, तर कंपनीलाही आपले वचन पाळावेच लागते. दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीकडेच तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे असते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली झाला आणि आता त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे.

मुलांनो, घरातील विमापत्र एकदा वडीलधाऱ्यांसमवेत वाचा. त्याची मुदत केव्हा संपते, ते वहीत लिहून ठेवा. खरे बोलणारा आणि कागद जपणारा ग्राहक आपला हक्क मागताना कोणापुढे लाचार होत नाही.