मानसशास्त्राच्या पदवीची आखणी

बारावीचे निकाल लागले कीं पुण्याच्या दक्षिण अंगास असलेल्या कात्रज भागांत, सातारा रस्त्याच्या दोहों बाजूंस वसलेल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते : आतां पुढें काय? अलीकडे या प्रश्नास अनेक कुटुंबांत 'मानसशास्त्र' हें उत्तर मिळूं लागलें आहे. मुलगी समंजस आहे, मैत्रिणी आपलीं दुःखें तिलाच सांगतात, आजीचा रुसवा तिलाच काढतां येतो. तेव्हां हाच विषय तिच्या प्रकृतीस मानवेल, असा घरच्यांचा अंदाज असतो. अंदाज वाईट नाहीं. परंतु दुसऱ्याचें दुःख ऐकून घेण्याची वृत्ति ही या शास्त्राची केवळ पहिली पायरी होय. आंत पाऊल टाकल्यावर प्रथम गांठ पडते ती आंकड्यांशीं, मेंदूच्या आकृत्यांशीं आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजणाऱ्या घड्याळाशीं. ज्या विद्यार्थ्यास हें आधीं कोणीं सांगितलेलें नसतें, तो दुसऱ्या वर्षीं गांगरतो आणि तिसऱ्या वर्षीं पदवी कशीबशी पदरांत पाडून घेतो.

या शास्त्राचा इतिहास पाहिला म्हणजे त्याच्या अभ्यासक्रमाचें हें रूप कळूं लागतें. मनाचा विचार शतकानुशतकें तत्त्वज्ञानाच्या घरीं राहत होता. १८७९ सालीं विल्हेल्म वुंट यांनीं जर्मनींतील लायप्झिग येथें प्रयोगशाळा उघडली, आणि मनाच्या व्यापारांविषयींचें विधान प्रयोगानें पडताळून पाहिलें पाहिजे, असा दंडक पडला. भारतांत या विषयाचा पहिला विभाग १९१६ सालीं कलकत्ता विद्यापीठांत निघाला. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें. तेथें थोड्याच अवधींत निघालेल्या आणि प्राध्यापक कोठुरकर यांनीं वाढविलेल्या विभागाच्या नांवांतच 'प्रायोगिक' हा शब्द होता.

आंकड्यांचें प्रयोजन काय, हें आपल्याच मुलुखांतील एका उदाहरणानें स्पष्ट होईल. फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने यांनीं १९०५ सालीं मुलांची बुद्धि मोजण्याच्या कसोट्या तयार केल्या. त्यांचें नुसतें भाषांतर करून भागण्यासारखें नव्हतें. पॅरिसमधील आठ वर्षांच्या मुलास सहज येणारा प्रश्न साताऱ्याच्या मुलास केवळ वस्तु अपरिचित म्हणून अडवूं शकतो. तेवढ्यानें तो मंद ठरत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांवर या कसोट्यांचा प्रयोग केला, कोणत्या वयाचीं मुलें कोणता प्रश्न सोडवितात हें प्रत्यक्ष पाहिलें, आणि त्या नव्यानें बसविल्या. बिने-कामत कसोटी या नांवानें त्या ओळखल्या जातात. दहा वर्षांच्या मुलानें आठ वर्षांच्या मुलाइतकींच उत्तरें दिलीं, तर आठास दहानें भागून शंभरानें गुणावयाचें. बुद्ध्यंक ८० येतो. एवढें गणित शाळकरी मुलासहि येईल. पण हे ८० म्हणजे काय? सध्यांच्या पुष्कळ कसोट्यांत सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ धरतात. म्हणजे शंभरांतील सुमारें ६८ मुलें ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. शिवाय तेंच मूल कांहीं दिवसांनीं पुन्हां कसोटीस बसलें तर आंकडा थोडा इकडेतिकडे होतो. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो ८० वर बोट ठेवून मुलास 'मंद' म्हणून मोकळा होतो, आणि शाळा सुटल्यावरहि तो शब्द त्या मुलास चिकटून राहतो. संख्याशास्त्राचा कंटाळा विद्यार्थ्यानें केला तरी नुकसान असें भलत्याच्याच पदरीं पडतें.

आतां प्रत्यक्ष आखणीकडे वळावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रांत पदवीचा हिशेब श्रेयांकांत होतो. विद्यार्थी त्यांस क्रेडिट म्हणतात. एका सत्रास २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांस १२० ते १३२, आणि चौथें वर्ष केल्यास १६० ते १७६. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरांत व्याख्यानाचे १५ तास. प्रात्यक्षिकाचे मात्र ३० तास. हा फरक पालकांच्या नजरेंतून सुटतो. पंधरा आठवड्यांच्या सत्रांत २२ पैकीं ४ श्रेयांक प्रात्यक्षिकाचे असले, तर आठवड्यास १८ तास व्याख्यानें व ८ तास प्रयोग मिळून २६ तास भरतात. समजा, कात्रजची मुलगी डेक्कनकडील एखाद्या महाविद्यालयांत जाते आणि स्वारगेटास बस बदलून जाण्यायेण्यांत रोज दोन तास मोडतात; सहा दिवसांचे १२ तास त्यांत मिळवावे. ३८ तास झाले, आणि वाचनास अजून आरंभहि झाला नाहीं. संध्याकाळीं शिकवण्या घेऊन फीचा भार उचलण्याचा तिचा बेत असेल, तर ज्या सत्रांत प्रात्यक्षिकें अधिक आहेत तें सत्र त्यांतून वगळावें. प्रयोगवही मागाहून एका रात्रींत लिहितां येते, असा एक समज आहे. वही लिहितां येते. प्रयोग करतां येत नाहीं.

विषयांच्या क्रमांत घाई नडते. पहिल्या वर्षीं सामान्य मानसशास्त्र असतें : अवधान, संवेदन, अध्ययन, स्मृति, प्रेरणा, भावना. पुष्कळांस हें कोरडें वाटतें आणि मनोविकारांचा भाग केव्हां येतो, असें होऊन जातें. कात्रजकरांस येथें दूरचा दाखला नको. अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनीं कात्रजच्या तळ्यांतून जमिनीखालील नळानें शहरांत पाणी नेलें, तेव्हां वाटेवर ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवले. तेथें गाळ खालीं बसे आणि निवळलेलें पाणी पुढें जाई. पहिल्या वर्षाचें काम तेंच आहे. विस्मरण कसें होतें, भीति कशी शिकली जाते, हें ज्यास कळलें नाहीं, त्यास भयगंडाचें प्रकरण म्हणजे केवळ लक्षणांची यादी वाटेल. दुसऱ्या वर्षीं बालकाची वाढ, समाजांतील वर्तन व संख्याशास्त्र यांची सांगड घालावी. मापन, अपसामान्य वर्तन व समुपदेशन हे विषय त्यानंतर शोभतात. प्रयोग मात्र जितके लवकर सुरू होतील तितके बरे. आरशांत पाहून ताऱ्याची आकृति गिरविण्याचा प्रयोग अगदीं साधा आहे. पहिल्या खेपेस हात भलतीकडेच जातो. दहाव्या खेपेस चुका पुष्कळ कमी होतात. आणि तरीहि प्रयोज्यास आपण नेमकें काय शिकलों हें शब्दांत सांगतां येत नाहीं. शिकणें निराळें आणि सांगतां येणें निराळें, हें त्या एका तासांत जितकें पटतें तितकें पुस्तकाच्या दहा पानांनीं पटत नाहीं.

प्रधान विषयाबरोबर एक गौण विषय व कांहीं मुक्त वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. मैत्रिणीनें घेतला म्हणून आपणहि घेतला, अशी ही निवड बहुधा होते. मुक्त विषय दुसऱ्या विद्याशाखेंतील असावा, असा राज्याचा नियम आहे, आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यास तो जाच न वाटतां संधि वाटावा. मज्जासंस्था समजण्यास जीवशास्त्र, किंवा आंकडे हाताळण्यास संगणक, यांपैकीं महाविद्यालयांत जें उपलब्ध असेल तें त्यानें येथें पदरांत घ्यावें. गौण विषय पुढील वाटेवरून ठरवावा. शाळेंत समुपदेशनाचें काम करावयाचें असेल तर समाजशास्त्र, कारखान्याच्या मनुष्यबळ खात्यांत जावयाचें असेल तर अर्थशास्त्र उपयोगीं पडतें. मराठी माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यानें पहिल्या दिवसापासून परिभाषेची वही ठेवावी. एका रकान्यांत मराठी संज्ञा, दुसऱ्यांत इंग्रजी. मोठे ग्रंथ इंग्रजींत आहेत, आणि ज्याचें मन समजून घ्यावयाचें तो मनुष्य मराठींत बोलणार आहे.

या पदवीविषयीं एक गैरसमज घरोघरीं आढळतो. तीन वर्षें पुरीं होतांच दवाखाना थाटून मनोरुग्णांवर उपचार करतां येत नाहींत. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ याखालीं मान्य असलेलें प्रशिक्षण पुरें होऊन परिषदेच्या नोंदवहींत नांव दाखल झाल्यावांचून चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करण्याचा अधिकार नाहीं. पदवी हा त्या वाटेचा आरंभ होय, हें घरांतील मिळवत्या माणसानें प्रवेशाआधींच हिशेबांत धरावें. नोकरी सांभाळून घरबसल्या शिकण्याची वाटहि आतां पूर्वीसारखी मोकळी नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ सालीं मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशीं निगडित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीनें होणारे नवे प्रवेश थांबविले.

चौथें वर्ष करावें कीं नाहीं, हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्यावयाचा आहे असें दिसतें; वस्तुतः तो पहिल्या सत्रांतच घडत असतो. संशोधनासह सन्मान पदवीसाठीं पहिल्या सहाहि सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतात, आणि सुरुवातीचें ढिलें सत्र पुढें भरून काढणें अवघड जातें. चार वर्षें केलेल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षांत पुरें करण्याची सोय आहे. तीन वर्षें करणाऱ्यास दोन वर्षें लागतात. एकूण काल सारखाच, पण चौथ्या वर्षीं संशोधनाचा अनुभव पदवींतच मिळतो.

म्हणून महाविद्यालय निवडतांना कांहीं गोष्टी विचारून घ्याव्या. मानसशास्त्र तेथें प्रधान विषय म्हणून चौथ्या वर्षापर्यंत आहे काय? प्रयोगशाळा आहे काय, आणि एका तुकडींत किती विद्यार्थी असतात? क्षेत्रकार्यासाठीं मुलांस कोठें पाठवितात? संख्याशास्त्र कोण शिकवितें? ही विचारपूस अर्ज भरण्यापूर्वींच करावी. तेव्हां खिडकीवर गर्दी नसते, आणि विभागांतील प्राध्यापक बोलावयास मोकळे असतात.