गोष्ट आधी की पुरावा आधी? : प्राथमिक शाळेतील इतिहास, लेखांक सहावा

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत इतिहास भूगोल, नागरिकशास्त्र आणि विज्ञान यांच्याबरोबर परिसर अभ्यास या विषयातून शिकवला जातो. गेल्या दशकात रुळलेल्या रचनेनुसार तिसरीत मूल आपल्या जिल्ह्याची ओळख करून घेते, चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र वाचते आणि पाचवीत एकदम अश्मयुगीन माणसापर्यंत मागे जाते. या क्रमातील एक बाब सहसा ध्यानात येत नाही : ‘इतिहास म्हणजे काय?’ हा पाठ पाचवीच्या पुस्तकाच्या आरंभी आहे, म्हणजे वर्षभर इतिहास शिकून झाल्यावर तो कशाच्या आधारे लिहिला जातो हे मुलाला सांगितले जाते.

हा क्रम अगदीच असमर्थनीय नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे मन गोष्टीत रमते, आणि 1970 पासून पिढ्यानपिढ्या वाचले गेलेले चौथीचे शिवचरित्र मुलांच्या स्मरणात राहते ते त्यातील कथनाच्या ओघामुळेच, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. तथापि कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला त्याला पेलेल अशा, पण प्रामाणिक रूपात शिकवता येतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960 मध्ये मांडले होते. ते मान्य केले तर पुराव्याचा विचार पाचवीपर्यंत लांबवण्याचे कारण उरत नाही. अडचण गोष्टीची नसून गोष्टीनंतर येणाऱ्या रिकाम्या जागांची आहे, कारण तेथे मुलाला नाव आठवावे लागते, प्रश्न मात्र पडत नाही.

पुस्तकातली गोष्ट मुलाच्या स्वतःच्या परिसराशी जोडली गेली की असा प्रश्न पडू शकतो, आणि बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने भाग्यवान आहेत. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर हे परगणे होते, परगणा म्हणजे महसुलासाठी एकत्र धरलेला गावांचा समूह. आजचे सुपे बारामती तालुक्यात आहे. तेथील कारभार सांभाळणारे, नात्याने शिवरायांचे सावत्र मामा असलेले संभाजी मोहिते यांना शिवरायांनी दूर केले, हा प्रसंग सुप्याच्या वर्गात वाचला जातो तेव्हा पुस्तकातले ठिकाण आणि मुलाच्या पायाखालची जमीन एकच असते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. त्यांच्या मृत्यूच्या सालाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते चौथीच्या मुलापासून लपवण्याचे काहीच प्रयोजन नाही. ‘लढाई झाली हे सगळे मानतात, साल कोणते यावर वाद आहे’ एवढे वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला सहज समजते, आणि इतिहासाच्या रीतीचा पहिला धडा त्यातूनच मिळतो.

मात्र साल ही गोष्ट या वयात फार कामाची नसते. कालानुक्रम, म्हणजे कोणती घटना आधी आणि कोणती नंतर याची जाण, मुलात हळूहळू येते. तोवर ‘पूर्वी’ या एका शब्दात आजोबांची बैलगाडी आणि शिवरायांचा घोडा शेजारी-शेजारी उभे असतात. त्यावर पिढ्यांचा हिशेब हा साधा उपाय आहे. एक पिढी सुमारे 25 वर्षांची धरली तर 1630 मधील शिवजन्म आजच्या मुलापासून साधारण 16 पिढ्या मागे जातो. व्हरांड्यात दोरी ताणून तिला तेवढ्या गाठी मारल्या की आईवडील पहिल्या गाठीपाशी, आजी-आजोबा दुसरीपाशी आणि शिवराय दोरीच्या पार टोकाला, हे अंतर मुलाला चालत जाऊन मोजता येते. बारामतीत राहिलेले कवी मोरोपंत (1729–1794) आणि 1914 मध्ये सुरू झालेली दौंड-बारामती छोटी रेल्वे यांनाही याच दोरीवर जागा मिळते.

जवळच्या गाठींसाठी इंदापूर तालुक्यात उजनीएवढे मोठे साधन दुसरे नाही. भीमेवरील हे धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झाले, नदीकाठची गावठाणे पाण्याखाली गेली आणि गावे वर सरकून नव्याने वसली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर त्या फुगवट्यात बुडाले, परंतु उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते उघडे पडते. ज्या मुलाचे आजोबा त्या देवळात गेलेले आहेत, त्याच्यासमोर इतिहासाची दोन साधने एकाच वेळी येतात : दगडी मंदिर हे भौतिक साधन आणि आजोबांची आठवण हे मौखिक साधन. ही दोन साधने नेहमी एकमेकांशी जुळतीलच असे नाही. गाव कोणत्या साली उठले, आधी कोण हलले, बाजार कुठे भरत असे, यावर दोन आजोबांची उत्तरे वेगवेगळी आली तर शिक्षकाने घाईने निवाडा देऊ नये. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ‘आता हे कशावरून ठरवायचे?’ असे विचारावे. पाठ्यपुस्तक ज्याला साधनांची चिकित्सा म्हणते ती हीच, फक्त तिचे नाव मुलांना पुढच्या इयत्तेत कळते.

तिसरे, लेखी साधन तर शाळेच्या कपाटातच असते. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, जुन्या शाळांत कित्येक दशके मागे जाते, आणि त्यातील जन्मगावाच्या रकान्यावरून एखाद्या गावात माणसे कुठून आली याचा माग लागू शकतो. मात्र ही वही वर्गात फिरवणे योग्य नाही. तिच्यात जातीचाही रकाना असतो आणि तो आजच्या मुलांच्या आजी-आजोबांचा असतो. नावे व जात वगळून प्रवेशाचे वर्ष आणि जन्मगाव एवढेच शिक्षकाने स्वतः कागदावर उतरवून आणावे, आणि धरणाच्या आधीची दहा वर्षे व नंतरची दहा वर्षे मुलांना वेगवेगळी मोजायला द्यावीत.