हमीचा हजेरीपट

मी ग्रामरोजगार सेवक. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीचे पाडे माझ्याकडे आहेत. बेरोजगारीवर सरकारने काय करावे, याची चर्चा मुंबईत आणि दिल्लीत होते. ठरलेले आमच्या पाड्यावर कसे उतरते, हे सांगायला २०२५च्या वैशाखातला एक दिवस पुरेसा आहे.

सकाळी ६

रोजगार हमीतून फळबागेच्या खड्ड्यांचे काम चालू आहे. आंब्याचा खड्डा एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. वरचा मुरूम सुटतो, खाली खडक लागला की पहार उडते. मजुरी नुसत्या हजेरीवर मिळत नाही, खोदाईच्या मापावर मिळते. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता, पण तेवढे काम मापात भरले तर. म्हणून माणसे झुंजूमुंजू असतानाच येतात आणि ऊन चढायच्या आत निम्मे काम उरकतात.

कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी हवी, असे रोजगार हमीचा कायदा सांगतो. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. आज एक आजी पोरांना घेऊन आंब्याखाली बसली आहे. ‘म्हातारी नुसती बसते आणि पैसे घेते,’ असे एक जण पुटपुटला. ‘मग तू बस पोरांत, मी खणते,’ आजी म्हणाली. तो गप खणायला लागला.

सकाळी ९

हजेरी मोबाइलवर. २०२३च्या जानेवारीपासून कामावरची हजेरी अ‍ॅपवर घेणे सक्तीचे झाले. मजुरांचा एक फोटो सकाळी, एक दुपारी. इथे रेंज नाही. अ‍ॅप रेंजशिवाय फोटो साठवून ठेवते, पण तो चढवायला मला टेकडीवर जावे लागते.

हे का आणले, ते मला माहीत आहे. खोट्या नावांचे मस्टर निघत होते, हे खरे आहे. पण फोटोत डोकी दिसतात, खड्डा दिसत नाही. सहाला आलेल्या बाईचे माप बाराला पुरे झाले तरी दुपारच्या फोटोसाठी तिला उन्हात थांबावे लागते. चोरी धरायची असेल तर टेप घेऊन खड्डा मोजा, आणि कोणाला किती मिळाले ते ग्रामसभेत वाचून दाखवा. सामाजिक अंकेक्षणाची तरतूद कायद्यातच आहे.

सकाळी ११

ग्रामपंचायतीत येतो. वरच्या पाड्यातल्या चार बाया कामाची मागणी घेऊन बसल्या आहेत. ‘भाऊ, आमचं नाव लिव,’ एवढीच त्यांची भाषा. माझ्या भाषेत त्याला नमुना ४ म्हणतात. त्याची तारीख घातलेली पोच म्हणजे नमुना ५.

सगळी हमी या पोचेत आहे. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. म्हणजे ३१२च्या दराने दिवसाला ७८ रुपये. हा भत्ता राज्याच्या तिजोरीतून जातो. म्हणून मागणी तोंडी राहिली की वरपर्यंत सगळे सुखी असतात. काम निघाले की त्या दिवशीची तारीख घालून अर्ज भरून घ्यायचा, अशी चाल बऱ्याच ठिकाणी आहे. कागदावर मग एकही बेकार दिसत नाही, आणि गावात मागणीच नाही असा निष्कर्ष निघतो.

चौघींना पोच दिली. एकीने ती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

दुपारी १

चहाच्या टपरीवर शाळेचे गुरुजी भेटतात. ‘माझ्या पगारातून दर महिन्याला दोनशे रुपये व्यवसायकर जातो. तुमच्या खड्ड्यांतच ना?’ ते दरवेळी चिडवतात.

थट्टा असली तरी इतिहास बरोबर आहे. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात १९६५मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात लाखो हातांना काम द्यायची वेळ आली, तेव्हा राज्यापाशी ही वाट तयार होती. १९७५मध्ये व्यवसायकर बसला तो या योजनेला पैसा हवा म्हणून. १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची जबाबदारी घेतली, असे हे धोरण होते. देशाने २००५मध्ये कायदा केला तो या वाटेवरून पुढे जाऊन. महाराष्ट्रात पहिल्या शंभर दिवसांचा भार केंद्राच्या योजनेवर आणि त्यापुढचा राज्यावर, अशी वाटणी ठरली.

दुपारी २.३०

दुसरा फोटो. तांत्रिक सहाय्यक आले आहेत. ते टेप लावतात, आकडे मोजमाप पुस्तिकेत उतरवतात. खडक लागलेल्या खड्ड्यांना दर वेगळा असतो, म्हणून बाया त्यांना हाताने खडक दाखवतात. साहेबांकडे आणखी कितीतरी गावे आहेत. त्यांना यायला चार दिवस उशीर झाला की मजुरी चार दिवस मागे पडते.

दुपारी ४

तालुक्याला. हजेरीपट आणि माप संगणकावर चढते, दोन सह्या होतात, पैसे थेट खात्यावर निघतात. कागदावर हे सुटसुटीत आहे. प्रत्यक्षात आधारवर एक नाव, जॉबकार्डवर दुसरे आणि बँकेत तिसरे, अशी अनेकांची गत आहे. १ जानेवारी २०२४पासून आधारला जोडलेल्या खात्यावरच मजुरी जाते. जोडणी तुटली की पैसे अडतात आणि ते का अडले, हे बाईला कोणी सांगत नाही. आजचा माझा निम्मा वेळ अशा दोन खात्यांत गेला.

उशिराची भरपाईही कायद्यात आहे: सोळाव्या दिवसापासून दर दिवशी ०.०५ टक्के. सहा दिवसांच्या पूर्ण दराने १,८७२ रुपये होतात, त्यावर दिवसाची भरपाई ९४ पैसे. हा दंड कोणाला टोचणार?

संध्याकाळी ६.३०

खालच्या पाड्यात एक कुटुंब वीटभट्टीवरून नुकतेच परतले आहे. भिवंडी-वसईच्या पट्ट्यात त्यांचे सहा महिने गेले. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली, हातात फारसे काही उरले नाही. मोठी मुलगी सोबत गेली होती, तिची शाळा बुडाली.

‘इथे काम असताना का जाता?’ असे मी विचारले. बाप म्हणाला, ‘काम तू आता उन्हाळ्यात देतोस. मुकादम दिवाळीआधी येतो. त्याचा पैसा हातात, तुझा मस्टरात.’

पूर्ण धोरण या तीन वाक्यांत आले. भात आणि नाचणी निघाली की आश्विन-कार्तिकात घरात सणाला पैसा नसतो आणि उचल दारात उभी असते. त्याच वेळी मंजूर कामे तयार हवीत, पहिला हजेरीपट निघायला हवा आणि पहिल्या आठवड्याची मजुरी दिवाळीआधी हातात पडायला हवी. वैशाखात, स्थलांतर होऊन गेल्यावर, आम्ही आकडे भरून काढतो. ते वर्षाच्या अहवालाला चालतात, त्या मुलीच्या शाळेला चालत नाहीत.

रात्री ९

जेवण उरकून उद्याची यादी करतो. माझे स्वतःचे मानधन दरमहा आठ हजार रुपये करण्याचा निर्णय राज्याने २०२४मध्ये घेतला. त्याआधी ते मजुरीच्या खर्चावरच्या टक्क्यांत होते. ज्या माणसावर योजना उभी आहे, त्याला नीट पगार द्यावा, हेही धोरणच आहे.

हा दिवस मी आता लिहून काढतो आहे, त्याला कारण आहे. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर केला. हमीच्या शंभर दिवसांचे १२५ झाले. त्याच कायद्यात खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला, आणि शेतीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची सोय झाली. दिवस वाढले याचा आनंद आहे. पण राज्याचा खर्च वाढला की मागणी तोंडीच ठेवण्याचा मोहही वाढेल. आणि बंदीचे दिवस कापणीच्या नावाखाली आश्विन-कार्तिकात पडले, तर मुकादमाला मोकळे रानच मिळेल.

शंभर की सव्वाशे, यावर भांडण्याआधी तीन गोष्टी हव्यात: मागेल त्याला त्याच दिवशी पोच, दिवाळीआधी काम आणि पंधरा दिवसांत मजुरी. ज्यांच्या पगारातून व्यवसायकर कापला जातो, त्यांचा या कायद्याशी जुना संबंध आहे. त्यांनी आपल्या आमदाराला एवढेच विचारावे: गेल्या दिवाळीआधी किती मजुरांना कामाच्या मागणीची पोच मिळाली, आणि त्यांतल्या किती जणांना पंधरा दिवसांत काम मिळाले?